सफाईआधी नोंद: सिनेगॉगमधील धार्मिक वस्तू सांभाळायला नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या एखाद्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, मागच्या खोलीतील कपाटाची किल्ली पहिल्यांदा हाती येते, तेव्हा दार उघडताच बहुतेकांच्या मनात सफाईचा विचार येतो. काळवंडलेली चांदी, धुळीने राखाडी झालेली मखमल आणि कसरीने कडा खाल्लेली प्रार्थनापुस्तके पाहून हात शिवशिवतात, आणि एखाद्या रविवारी चार उत्साही मंडळी बादली, फडकी आणि पावडर घेऊन कामाला लागतात. या कामात पडल्यापासून मी जे नुकसान पाहिले, त्यातील बराच भाग पावसाने किंवा वाळवीने नव्हे, तर अशा रविवारांनी केलेला आहे.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी घरचे सांगतो. आमच्याकडे आजीचा किद्दूशचा, म्हणजे सणावारी द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादाचा, चांदीचा पेला आहे. दर पेसाख सणाच्या आधी तो चिंचेने आणि पुढच्या काळात भांडी चकचकीत करणाऱ्या पावडरीने घासला जाई, आणि तो घासण्याचा मान आम्हा मुलांमध्ये भांडून मिळवावा लागे. पेल्याच्या काठाखाली देवनागरीत एक नाव कोरलेले होते. आज तिथे बोट फिरवले तर ‘बाई’ एवढी दोनच अक्षरे लागतात. पेला मुळात आजीचा नव्हता, तिला तो कोणाकडून तरी मिळाला होता, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. कोणाकडून, हे त्या घासून गेलेल्या अक्षरांतच होते.

त्यामुळे या लेखातील क्रम तुम्हाला उलटा वाटेल. आधी परवानगी, मग नाव, मग नोंद, मग जागा, आणि स्वच्छता सर्वांत शेवटी. पुष्कळदा ती करायचीही नाही. भारतातील ज्यूंची संख्या १९४०च्या दशकाच्या अखेरीस वीस हजारांहून अधिक होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेचार हजारांच्या आसपास उरली, आणि त्यातील निम्म्याहून अधिक लोक महाराष्ट्रात आहेत. सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमवणेही काही ठिकाणी अवघड झाले आहे. इमारतींना अधूनमधून दाते मिळतात. फोर्टमधील १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग दुरुस्त होऊन २०१९ साली पुन्हा उघडले, तसे सगळ्यांचे होईल असे नाही, पण होऊ शकते. कपाटातल्या लहान वस्तूंना मात्र सहसा कोणी दाता नसतो. त्यांना ओळखणारी माणसे इस्रायलमधल्या अश्दोद, लोद किंवा बीरशेबाला राहायला गेली, आणि जी इथे राहिली ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

पहिली पायरी: वस्तू कोणाची आहे ते विचारा

सिनेगॉग बहुधा सार्वजनिक न्यास असते आणि त्याच्या मालमत्तेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. विश्वस्तांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय कपाट उघडू नये, आणि उघडताना एक विश्वस्त किंवा समाश, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणारा सेवेकरी, सोबत असावा. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. पुढे एखादी चांदीची वस्तू सापडली नाही, तर संशय सर्वांत नव्या माणसावर जातो, म्हणून ही काळजी तुमच्याच हिताची आहे. शिवाय कपाटातील सगळे न्यासाचेच असते असेही नाही. गावी जाताना किंवा घर बदलताना एखाद्या कुटुंबाने ‘मशिदीत (म्हणजे सिनेगॉगमध्ये) सुरक्षित राहील’ म्हणून ठेवलेली वस्तू तीस वर्षे तिथेच पडून असते. अशा वस्तूंची वेगळी यादी करावी.

बहुतेक सिनेगॉगबाहेर पोलिसांचा पहारा असतो, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि येण्याची वेळ आधी कळवावी. आत डोके झाकलेले असावे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो. त्या काळात लिहिणे आणि छायाचित्रे काढणे वर्ज्य असल्यामुळे शनिवारी वही आणि कॅमेरा घेऊन जाणारा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी सर्वांच्या मनातून उतरतो.

दुसरी पायरी: नावे शिका

आमच्याकडचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीत बांधलेले शआर हारहमीम हे मुंबईतील पहिले सिनेगॉग. ते ‘जुनी मशीद’, आणि १८४० चे शआर रासोन ‘नवी मशीद’. भिंतीतल्या ज्या कपाटात सेफेर तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, ठेवलेल्या असतात ते हेखाल, त्यावरचा पडदा परोखेत, मधला कठडा असलेला चौथरा तेबा. तोरेच्या दांड्यांवर बसवायचे चांदीचे घुंगरू लावलेले शेंडे म्हणजे रिमोनीम, एक असेल तर रिमोन. मूळ अर्थ डाळिंब. वाचताना ओळीवर फिरवायची, टोकाला बोट असलेली चांदीची काडी म्हणजे याद. सुंतेच्या वेळी मांडायची उंच खुर्ची एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची असते आणि तिच्यावर कोणी बसत नाही, त्यामुळे तिला अडगळीतली खुर्ची समजून तिच्यावर फायली रचू नयेत. मी रचलेल्या पाहिल्या आहेत.

नोंदवहीत हीच नावे लिहावीत आणि समोर साधे वर्णनही द्यावे. ‘सजावटीची वस्तू, पांढरा धातू’ अशी नोंद कोणाच्याही उपयोगाची नसते. एखादी वस्तू ओळखता आली नाही, तर जागा कोरी सोडून वर्णन तेवढे लिहावे. चुकीचे नाव एकदा वहीत शिरले की पुढची पन्नास वर्षे कोणी ते काढत नाही.

तिसरी पायरी: नोंद

एका वस्तूला एक पान द्यावे. क्रमांक, नाव, लांबी-रुंदी-उंची, धातूच्या वस्तूचे वजन, ती कुठल्या कपाटात कुठल्या फळीवर होती, आजची स्थिती, आणि तिच्यावर जे काही कोरले, भरतकाम केले किंवा लिहिले आहे ते जसेच्या तसे, चुकांसकट. वस्तूवर स्टिकर चिकटवू नये आणि पेनने लिहू नये. क्रमांक जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधावी. छायाचित्र समोरून, मागून, लेखाचे जवळून आणि प्रत्येक तड्याचे वेगळे घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी, फ्लॅश बंद ठेवावा, आणि छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात.

लेखावरचे वर्ष वाचणे नवख्याला अवघड वाटते, पण थोड्या सरावाने जमते. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते आणि सालातील पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. एखाद्या परोखेतवर ताव, रेश, नून, झायिन अशी चार अक्षरे दिसली, तर ४००, २००, ५० आणि ७ मिळून ६५७ होतात. त्यात १२४० मिळवले की १८९७ हे इसवी साल मिळते. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणून नोंदीत ‘१८९६-९७’ असे लिहावे. कधी साल सरळ न देता बायबलमधील एखादे वचन भरलेले असते आणि त्यातील काही अक्षरांवर टिंबे असतात; त्या टिंबांच्या अक्षरांची बेरीज म्हणजे साल. टिंबे टाक्यांतली चूक समजून सोडून दिली, तर साल हातचे जाते.

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, वस्तूंचे वैशिष्ट्य असे की हिब्रूच्या खाली अनेकदा मराठी असते. ‘यांच्या स्मरणार्थ’ या शब्दांच्या मागे आडनाव असते आणि आडनावात कोकणातले गाव असते: पेणकर, रोहेकर, नागावकर, किहीमकर. छायाचित्र घेऊन ते नाव वयस्कर मंडळींना दाखवावे. मी एका बाईंना पडद्यावरील भरतकामाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी नावाकडे पाहिलेच नाही. जरीने भरलेल्या वेलीकडे पाहून त्या म्हणाल्या, “हा माझ्या मावशीचा शालू आहे. फाटला म्हणून पडद्याला दिला.” देणगीदाराच्या नावाबरोबर हे वाक्यही, कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितले त्यासह, नोंदीत जायला हवे. सांगणाऱ्याला हरकत नसेल तर आवाजही फोनवर रेकॉर्ड करून ठेवावा.

चौथी पायरी: जागा

मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेच्या दिशेला येते, त्यामुळे इथल्या सिनेगॉगमधील हेखाल पश्चिमेच्या भिंतीशी असतो. पावसाळ्यातला जोराचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे इमारतीतील सर्वांत मौल्यवान वस्तू बहुतेक वेळा सर्वांत ओल धरणाऱ्या भिंतीला पाठ लावून उभी असते. कुठलेही महागडे साहित्य घेण्याआधी मे महिन्यात त्या भिंतीची बाहेरची बाजू, वरचे पन्हाळे आणि गच्चीवरून येणारा पाइप पाहून घ्यावा. गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीत जे साधते, ते सिलिका जेलच्या शंभर पुड्यांनी साधत नाही.

मग एक साधा आर्द्रतामापक घेऊन हेखालच्या आत ठेवावा आणि आठवड्यातून दोनदा आकडा लिहावा. चर्मपत्राला ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची सापेक्ष आर्द्रता मानवते. ६५-७०च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा दिवसचे दिवस ८०च्या वर असते. एसीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: प्रार्थनेपुरता दोन तास लावून बंद करायचा असेल तर तो वस्तूंसाठी नसलेलाच बरा, कारण चर्मपत्र, लाकूड आणि शाई यांना स्थिर दमटपणापेक्षा दिवसातून दोनदा होणारे आकुंचन-प्रसरण जास्त नडते. लहान बंद खोलीत सतत चालणारा डीह्युमिडिफायर आणि रोज त्याचे पाणी ओतणारा जबाबदार माणूस, ही जोडी अधिक उपयोगी; दुसरा नसेल तर पहिला आणू नये.

डांबरगोळ्या कुठेही ठेवू नयेत. त्यांची वाफ माणसालाही अपायकारक आहे, आणि फळीवर झाडू, उजेड आणि नियमित पाहणी असेल तर त्यांची गरजही पडत नाही.

सेफेर तोरा

इथे सगळ्यांत जास्त थांबावे लागते, कारण इथे संवर्धनाचे नियम आणि धर्माचे नियम एकमेकांत गुंतलेले आहेत. सेफेर तोरा चर्मपत्रावर, खास शिकलेल्या लेखकाने म्हणजे सोफेरने, हाताने लिहिलेली असते; तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि एखादे अक्षर पुसले किंवा तुटले तरी दुरुस्तीपर्यंत ती सामुदायिक वाचनासाठी चालत नाही. चर्मपत्राला उघड्या हाताने स्पर्श करायचा नसतो. परंपरेचा हा दंडक संवर्धकाच्याही सोयीचा आहे, कारण बोटांचा घाम आणि तेल चर्मपत्रात मुरते. ती उघडण्याचे काम हाझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने करावे आणि तुम्ही शेजारी वही घेऊन उभे राहावे.

पाहणीसाठी उत्तम काळ सिम्हात तोराच्या लगेच नंतरचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या त्या सणाला सगळ्या तोरा हेखालबाहेर काढून तेबाभोवती फेऱ्या घालतात. पाऊसही सरत आलेला असतो. सणाच्या दिवशी काहीही न करता, तो उलटल्यावर एकेक तोरा स्वच्छ चादर पसरलेल्या लांब टेबलावर घ्यावी. लाकडी पेटीतली असेल तर पेटी उभीच ठेवून पुस्तकासारखी उघडावी. ती आडवी करून उघडली की सगळा भार बिजागऱ्यांवर येतो. चर्मपत्राचे दोन तुकडे शिरांच्या दोऱ्याने जिथे शिवलेले असतात तिथे शिवण उसवली आहे का, शाईचे पापुद्रे सुटत आहेत का, कडेला पांढरी किंवा हिरवट बुरशी आहे का, एवढे पाहावे आणि कितव्या स्तंभात काय दिसले ते लिहावे. गुंडाळताना फार घट्ट ओढू नये.

बुरशी दिसली तर ती पुसू नये. पुसल्याने ती पसरते आणि शाई निघते. ती तोरा इतरांपासून वेगळी करून, स्वच्छ मांजरपाटात सैल गुंडाळून, हवेशीर सावलीच्या खोलीत ठेवावी आणि संवर्धकाला बोलवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रापासून चौकशी सुरू करता येते. संवर्धक बुरशी काढेल, ओल नियंत्रणात आणेल, पण अक्षरावर शाई फिरवण्याचा अधिकार त्याचा नाही. ते काम फक्त सोफेरचे, आणि देवाच्या नावातील अक्षरांबाबत तर सोफेरलाही कडक मर्यादा आहेत. दोघांनाही हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी सद्भावनेने दुसऱ्याच्या हद्दीत शिरणार नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये पाणी शिरून तोरा भिजल्या होत्या. तशी वेळ आली तर ऊन, हेअर ड्रायर आणि हीटर या तिन्हींपासून तोरा दूर ठेवावी, कारण भिजलेले चर्मपत्र उष्णतेने आक्रसते आणि सरसासारखे चिकट होते. ते नुकसान परतवता येत नाही. ती उलगडण्याचाही प्रयत्न करू नये. पंखा दूरून चालू ठेवून दोन दिवसांच्या आत संवर्धकापर्यंत पोचावे, कारण त्यानंतर बुरशी सुरू होते. अर्थात हेखालची सर्वांत खालची फळी रिकामी ठेवणे हा उपाय त्याहून सोपा आहे.

कापड आणि चांदी

परोखेत आणि तोरेची आवरणे धुऊ नयेत, ड्रायक्लीनलाही देऊ नयेत. जरीचे काम असलेली मखमल घडी घालून ठेवली की घडीवरच तुटते. ती धुतलेल्या मांजरपाटात, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून, जाड नळीवर गुंडाळावी. धूळ काढायचीच असेल तर व्हॅक्युमच्या तोंडाला जाळीचे कापड बांधून, अगदी कमी ओढीवर, हात न टेकवता.

चांदीवरचा काळा थर हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि तो चांदीला आतून खात नाही. प्रत्येक घासणीबरोबर मात्र धातूचा थर जातो, आणि मुलामा असेल तर खालचे तांबे दिसू लागते. सणाआधी हाझान चमक मागणारच. तेव्हा नायट्राईल हातमोजे घालून, मऊ सुती कापडाने कोरडे पुसून द्यावे आणि कोरलेली अक्षरे सोडावीत; वर्षानुवर्षे हे चालू ठेवले तर सगळ्यांचे समाधान होते. रबरबँड आणि लोकरीचे कापड चांदीजवळ ठेवू नये, दोन्हींत गंधक असतो. रिमोनमधील तुटलेला घुंगरू पुडीत घालून त्याच क्रमांकाने ठेवावा. सोनाराकडून नवा बसवून घेण्याची घाई करू नये.

कागद

घराघरांतून सर्वांत जास्त येते ते कागदच: केतुबा म्हणजे विवाहाचा करार, मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तके, पेसाखला वाचायचे हगादा हे पुस्तक, योसेफ किंवा मोशेच्या आख्यानांची कीर्तने, पिवळी पडलेली छायाचित्रे. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हगादेत चित्रांतल्या बायका आपल्याकडच्याच पोशाखात आहेत, म्हणून जगभरचे संग्राहक तिच्या मागे असतात. पण हाताने उतरवलेल्या कीर्तनाच्या वहीची दुसरी प्रत नसण्याचीच शक्यता जास्त, आणि ती रद्दीत जाण्याची भीतीही.

कागदाच्या बाबतीत एकच गोष्ट तीनदा सांगावीशी वाटते: लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक परत निघत नाही आणि आतला आम्लधर्मी कागद त्यातच ठिसूळ होत जातो. केतुबाची घडी जबरदस्तीने उलगडू नये, फाटक्या जागी सेलोटेप लावू नये. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावे आणि पुन्हा पुन्हा हाताळावे लागू नये म्हणून एकदा चांगले छायाचित्र घ्यावे.

गेनिझा

जी पाने वापराबाहेर गेली आहेत आणि ज्यांवर देवाचे नाव आहे, ती फेकता किंवा जाळता येत नाहीत. ती गेनिझात, म्हणजे अशा पानांसाठी राखलेल्या जागी, साठवून पुढे दफनभूमीत पुरतात. निकामी झालेली सेफेर तोरा मातीच्या भांड्यात ठेवून पुरण्याची रीत आहे. नवखा माणूस इथे एकतर सगळेच वाचवायला धावतो, नाहीतर ‘पुरायचेच आहे’ म्हणून डोळे मिटतो. तुमचे काम एवढेच की गेनिझाचे पोते बंद होण्याआधी हाझानच्या परवानगीने ते एकदा चाळावे. छापील सिद्दूरची, म्हणजे प्रार्थनापुस्तकाची, सुटी पाने जाऊ द्यावीत. मराठी हस्ताक्षर, मुखपृष्ठावरील नावे, पानांत दाबलेली निमंत्रणपत्रे दिसली तर बाजूला काढून विचारावे. कागद पुरणे हाही त्याचा सन्मानच आहे, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

वस्तू हलवायची वेळ आली तर

एखादे सिनेगॉग बंद पडते किंवा एखादे कुटुंब इस्रायलला निघते, तेव्हा प्रश्न येतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा साहित्यिक मूल्याची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याहून नव्या वस्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला प्रवासाच्या पुष्कळ आधी घ्यावा. विमानतळावर आजीचा पेला काढून घेतला जाण्यापेक्षा तो परवडतो. देशातल्या देशात, वापरात असलेल्या सिनेगॉगला सेफेर तोरा देणे हे संग्रहालयाला देण्यापेक्षा मला नेहमी बरे वाटते, कारण ती वाचण्यासाठी लिहिलेली आहे. देताना विश्वस्तांचा ठराव, दोन्हीकडच्या सह्यांची पावती आणि नोंदीच्या पानाची प्रत सोबत जावी.

घरांच्या बाबतीत आता पुनर्विकासाचे काम रोजचे झाले आहे. जुनी चाळ रिकामी करताना दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे लिहिलेल्या चर्मपत्राची डबी, काढायचा राहून जातो, किंवा काढतात तो नुसती डबी म्हणून, आणि आतली चर्मपत्राची चिठ्ठी तशीच दमट राहते. घरात नंतर ज्यू कुटुंब येणार नसेल तर मेझुझा काढून घ्यावा, चिठ्ठी न उलगडता कोरड्या पाकिटात ठेवावी, सोफेरला दाखवण्यासाठी वेगळी नोंदवावी. घरातील मेझुझा सात वर्षांतून दोनदा तपासायचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि स्क्रू सैल करण्याआधी चौकटीसह एक छायाचित्र घ्यावे, ज्यात मजला, खोली क्रमांक आणि मेझुझाच्या भोवती साचलेले ऑइलपेंटचे थर दिसतील.